दोन विद्यापीठांतला दुवा

खेळात रमलेला विद्यार्थी अभ्यासातून गेलाच, ही समजूत घरोघरी आढळते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधील पहिला क्रिकेट सामना घडवून आणणारे चार्ल्स वर्ड्स्वर्थ यांचे आयुष्य या समजुतीला छेद देणारे आहे.

कवी विल्यम वर्ड्स्वर्थ यांचे हे पुतणे १८०६ साली जन्मले. वडील केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमुख. हॅरो शाळेनंतर चार्ल्स मात्र ऑक्सफर्डला गेले. घर एका विद्यापीठात आणि शिक्षण दुसऱ्यात, शिवाय शाळासोबती दोन्हीकडे, अशा स्थितीत त्यांना दोन्ही विद्यापीठांच्या भेटीची ओढ वाटली, यात नवल नाही.

४ जून १८२७ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हा सामना झाला. ऑक्सफर्डने २५८ धावा केल्या. केंब्रिजचा डाव ९२ धावांत आटोपला. वर्ड्स्वर्थ यांनी २५ धावांत ७ बळी घेतले. पावसामुळे सामना अनिर्णित राहिला, तरी परंपरा सुरू झाली. त्याच वर्षी लॅटिन काव्यरचनेचे विद्यापीठीय पारितोषिकही त्यांनीच मिळवले. १८२९ मध्ये केंब्रिजमधील शाळामित्र चार्ल्स मेरिव्हेल यांच्या साथीने त्यांनी दोन विद्यापीठांची पहिली नौकाशर्यत ठरवली आणि हेन्ली येथे विजयी ऑक्सफर्डच्या नावेत स्वतः वल्हे मारले. पुढच्याच वर्षी ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. भावी पंतप्रधान ग्लॅडस्टन हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

पुढे ते विंचेस्टर येथे अध्यापक झाले. पहिली पत्नी शार्लट विवाहानंतर चारच वर्षांनी, १८३९ मध्ये, निवर्तली. १८४७ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील ग्लेनॲल्मंडच्या नव्या विद्यालयाची धुरा घेतली आणि १८५३ पासून अखेरपर्यंत ते सेंट अँड्र्यूजचे बिशप होते. स्कॉटलंडमधील बिशप मानणारा आणि न मानणारा असे दोन ख्रिस्ती पंथ एक व्हावेत, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजवली. पण ५ डिसेंबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही पंथ वेगळेच होते.

विशीतल्या विद्यार्थ्याला जे साधले, ते वयोवृद्ध धर्मगुरूला साधले नाही. मैदानावर कोणालाच आपले विद्यापीठ सोडावे लागले नव्हते. दोघांनी समान नियम मानणे पुरेसे होते. धर्माच्या बाबतीत मात्र समोरच्याने बिशपपद स्वीकारावे, अशी अपेक्षा होती. आपले वेगळेपण राखून एकत्र येण्याचा हा धडा खेळाने दिला, हे क्रीडांगणाला वेळापत्रकात शेवटची जागा देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.