मूकपटातील आद्य अभिनेत्री कै. दुर्गाबाई कामत

चित्रतारकांची नावे आज खेड्यापाड्यांतील मुलांच्याही तोंडी असतात. परंतु भारतीय मूकपटात प्रथम उतरलेली स्त्री कोण, असे विचारले असता भले भले जाणतेही गप्प राहतात. तो मान कै. दुर्गाबाई कामत यांचा होय. दूर माजलगावी निघणाऱ्या ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र देण्यास आम्हांस एक विशेष कारण वाटते. ते पुढे येईलच.

दुर्गाबाईंचे पती आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. हा संसार टिकला नाही. 1903 च्या सुमारास, 1900 साली जन्मलेल्या कमलेला पदरी घेऊन दुर्गाबाई वेगळ्या झाल्या. पतीपासून दुरावलेल्या ब्राह्मण स्त्रीस त्या काळी कोणती वाट मोकळी होती? परक्याच्या चुलीशी राबावे, नाही तर नातलगांच्या घरी कोपरा धरून बसावे. दुर्गाबाईंनी या दोन्ही वाटा सोडल्या व त्या फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या. मायलेकींचे बिऱ्हाड गावोगाव हिंडू लागले, आणि कमलाबाई अगदी बालवयातच रंगभूमीवर उभ्या राहिल्या.

रंगभूमीवर स्त्रीभूमिका तेव्हा बहुधा पुरुषच करीत. बालगंधर्वांचे शालू नेसणे कुलीन स्त्रियाही कौतुकाने न्याहाळीत. मात्र खरीखुरी स्त्री तेथे उभी राहिली की कुळाला बट्टा लागला, असे मानले जाई. दुर्गाबाईंवर ज्ञातीने बहिष्कार घातला. ज्ञाती म्हणजे अडल्यानडल्याचा आधार, असे आपण सारेच अभिमानाने म्हणतो. स्वकष्टाने लेकराचे पोट भरणाऱ्या या बाईला ज्ञातीने आधार दिला नाही, दंड मात्र दिला. हा दोष केवळ एका ज्ञातीचा होता, असे समजून आपण स्वस्थ बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इकडे दादासाहेब फाळके यांना 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी जाहिराती देऊनही योग्य नटी मिळाली नव्हती, उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामतीचे लुगडे नेसवावे लागले. त्यानंतर फाळके यांनी नाशिकास ‘मोहिनी भस्मासुर’ हा मूकपट घेतला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या व तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. आई व मुलगी यांनी एकाच चित्रपटाद्वारे स्त्रियांसाठी पडद्याचे दार उघडले. ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपट याच चित्रासोबत दाखवीत.

दार उघडले खरे, पण त्यातून इतर स्त्रिया लगेच आत आल्या नाहीत. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता दोन्ही साळुंकेच होते! पुढे 1920 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई व अनसूयाबाई आल्या, तेव्हा त्यांनाही समाजाचा रोष सोसावा लागला.

कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. तरुणपणीच वैधव्य आले. तरी आईने धरलेली वाट त्यांनी सोडली नाही. नाटकांत पुरुषभूमिकाही केल्या, बोलपटांत कामे केली आणि तिन्ही मुलगे कलावंत केले. लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले, चंद्रकांत अभिनेते. आणि चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले यांना तर सारा महाराष्ट्र ओळखतो. कमलाबाई 1997 साली निवर्तल्या. ‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत मात्र आज उपलब्ध नाही, दुर्गाबाईंची पार्वती त्या फितीबरोबरच गेली.