साष्टीचे फादर थॉमस स्टीफन्स

मराठीच्या तासाला 'ख्रिस्तपुराणा'तील मराठी भाषेची स्तुती शिकविताना सरांनी कवीचे नाव सांगितले, तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकला. इंग्रज पाद्री आणि ओव्या! हसणाऱ्यांत मीही होतो. नंतर वाटले, आपण बिलोलीकरांनी हसावे असे यात काय आहे? आपल्या बाजारात भाव मराठीत विचारला जातो, उत्तर तेलुगूत येते आणि घासाघीस दखनीत होते. परक्याची भाषा पोटासाठी शिकणारे आपण रोज पाहतो. हा माणूस ती कशासाठी शिकला, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो.

स्टीफन्सचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्याच्या लहानपणीच, १५५९ साली, राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथॉलिक मिस्सा कायद्याने बंद झाली. या बंदीचे गांभीर्य कळण्यासाठी थोडे विषयांतर करतो. कॅथॉलिक धर्मात बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह असे सात संस्कार आहेत. आपल्या सोळा संस्कारांची आठवण होणे साहजिक आहे. पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पाणी, तेल, भाकर या दृश्य खुणांतून देवाची कृपा प्रत्यक्ष पोहोचते. बाप्तिस्मा अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो. मिस्सा आणि पापनिवेदन यांना मात्र धर्मगुरूच लागतो. धर्मगुरू हद्दपार झाला, की श्रद्धावंताच्या जन्ममरणाची वाटच अडते.

स्टीफन्स आपला मित्र थॉमस पाउंड याचा नोकर बनून वेषांतराने हिंडत होता. पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स रोमला निसटला व १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाला. ऑक्टोबर १५७९मध्ये तो गोव्याच्या बंदरात उतरला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही.

आणि येथे मला चरित्रातील खरा पेच दिसतो. ज्याच्या देशात त्याचे विधी गुन्हा ठरले होते, तो अशा भूमीत आला की जेथे त्याच्याच धर्माचे राज्यकर्ते दुसऱ्यांचे विधी बंद करीत होते. साष्टीतील देवळे १५६७मध्ये पाडली गेली होती. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून मारले. स्टीफन्सला हा पेच जाणवला होता का? त्याच्या बाजूने राज्यकर्त्यांविरुद्ध बंडाचा शब्द माझ्या वाचनात नाही, आणि त्याला उगीच आजच्या विचारांचा ठरवणे मला पटत नाही. तो धर्मप्रसारासाठीच आला होता.

मात्र त्याने जे केले ते थोड्यांनी केले. बाप्तिस्म्याचे पाणी परभाषेतही घालता येते. पण पापनिवेदन ऐकायचे, तर आंधळ्या म्हातारीच्या मनातली सल तिच्याच बोलीत समजावी लागते. दुभाष्याच्या देखत कोण आपले पाप सांगेल? स्टीफन्सने कोकणी शिकून तिचे व्याकरण रचले, प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ही दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६४० व १६२२मध्ये, छापली गेली. मराठीवरही त्याने प्रभुत्व मिळविले.

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीच्या देवळात एका रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालू असता, नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्याऐवजी ऐकायला आम्हांला नवे पुराण का देत नाही? हा प्रश्न मला साऱ्या ग्रंथाहून मोठा वाटतो. संस्कार झाला, नाव बदलले, पण संध्याकाळी कानावर काय पडावे? स्टीफन्सने हा प्रश्न स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवला, तो लपविला नाही. उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे!

आपल्या मराठवाड्यातील पैठणला एकनाथमहाराज १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते, तेव्हा हा गोव्यात मराठी संस्कार अंगी बाणवीत होता. दोघांची गाठ पडली नाही. ओवी मात्र एकच.

१६०८मध्ये त्याने रोमला पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. ते जमले नाही. १६१६मध्ये ग्रंथ राशोलला रोमन अक्षरांत छापला गेला, आणि तीन वर्षांनी, गोव्यातच, स्टीफन्स वारला. १६८४मध्ये पोर्तुगीजांनी देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ हस्तलिखितांनी जगवला. १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्दाना यांनी तो पुन्हा रोमन लिपीतच छापला. देवनागरीतील शांताराम बंडेलू यांची आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६मध्ये, म्हणजे राशोलच्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.