जीवकाची कुदळ आणि आपली जडीबुटी

गेल्या आठवड्यात मनीषनगरातील एका दवाखान्यात गेलो होतो. नात्यातल्या काकूंचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते. टाके ओले, सारखी मळमळ, कूस बदलली की कळ. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येत होता. कुणी ओव्याची पुरचुंडी आणली, कुणी हळदीचे दूध. एका पाहुण्याने तर कुठल्याशा बाबाच्या मठातले चूर्ण उशीखाली सरकवले. वर डॉक्टरला सांगू नका अशी ताकीद! त्यांच्या मते ही ऋषिमुनींची पाच हजार वर्षांची देणगी होती. काकूंचा कॉलेजात शिकणारा नातू भडकला. झाडपाला म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असा त्याने निकाल दिला. दोघांची चांगलीच जुंपली. आणि जिच्यासाठी हे चालले होते ती बाई भिंतीकडे तोंड करून मुकाट पडून होती.

घरी परतताना मला जीवक आठवला. आपल्या विहारांत त्याचे नाव भगवान बुद्धांचा वैद्य एवढ्यापुरतेच घेतले जाते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र बुद्ध आणि त्यांचा धम्म या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेची कथा आवर्जून सांगितली आहे. हा जीवक औषधी वनस्पतींचा जाणकार होता, तसाच शस्त्रक्रिया करणारा वैद्यही होता. म्हणून वॉर्डातल्या त्या वादाचा निवाडा त्याच्या चरित्रात सापडतो. हे चरित्र विनयपिटकातील महावग्गात आले आहे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. मगधाची राजधानी राजगृह. तिथल्या सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने दासीकरवी त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. राजकुमार अभय तिकडून चालला होता. कावळ्यांचा घोळका पाहून त्याने चौकशी केली. मूल आहे, आणि जिवंत आहे, असे लोकांनी सांगितले. जिवंत राहिला म्हणून जीवक आणि राजकुमाराने पोसला म्हणून कोमारभच्च! ज्याच्या बापाचा पत्ता नाही, आईने ज्याला उकिरडा दाखवला, तो पुढे मगधाचा राजवैद्य झाला. जन्मावर माणसाची किंमत ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा नीट वाचावी.

मोठा झाल्यावर जीवकाने आपल्या आईविषयी विचारले. अभयालाही ती ठाऊक नव्हती. तेव्हा हातात विद्या असल्याशिवाय राजघराण्याच्या आश्रयाने जगणे कठीण, हे या पोराने ओळखले. कुणालाही न सांगता तो तक्षशिलेला गेला आणि तिथल्या नामांकित वैद्याकडे त्याने सात वर्षे शिक्षण घेतले. शिकणे कधी संपणार, असे त्याने गुरूंना विचारले. गुरूंनी कुदळ हाती देऊन सांगितले की, तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात हिंड आणि औषधी नसलेली एखादी वनस्पती सापडली तर घेऊन ये. जीवक रानोमाळ फिरला, मुळे खणली, पाने पारखली आणि रिकाम्या हाताने परतला. निरुपयोगी असे एकही झाड त्याला सापडले नाही. गुरूंनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले.

ही कुदळ फार महत्त्वाची आहे. जीवकाची परीक्षा मंत्र पाठ म्हणून झाली नाही. मातीत उतरून, एकेक रोप हातात घेऊन झाली. कुणी पूर्वजाने सांगितले म्हणून एखादे मूळ औषध ठरत नाही. ते खणून पाहावे लागते, तपासावे लागते.

परतीच्या वाटेवर साकेत नगरीत त्याची शिदोरी संपली. तिथल्या श्रेष्ठीच्या पत्नीला सात वर्षांपासून डोकेदुखी होती. अनेक नामवंत वैद्य पैसा घेऊन गेले, गुण कुणाचाच आला नाही. जीवकाने बरे वाटेपर्यंत काहीच घेणार नाही असे कबूल केले आणि औषधींत सिद्ध केलेले तूप नाकावाटे देऊन तिला बरे केले. कृतज्ञ कुटुंबाने सोळा हजारांचे धन दिले. ही पहिली कमाई त्याने अभयापुढे ठेवली, पण अभयाने ती घेतली नाही. पुढे राजा बिंबिसाराचे भगंदर त्याने लेप लावून बरे केले. तेव्हापासून राजा, राजाचे अंतःपुर आणि भगवान बुद्धांसह भिक्खू संघ, या सर्वांच्या आरोग्याची जबाबदारी त्याच्याकडे आली.

आता त्याच्या दोन शस्त्रक्रिया पाहू. राजगृहाचा एक श्रेष्ठी डोक्याच्या दुखण्याने मरणाला टेकला होता. वैद्यांनी हात टेकले होते. जीवकाने आधी त्याला विचारले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणा सात महिने पडून राहशील का? तो हो म्हणाला. जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याची त्वचा चिरली, कवटीचा सांधा उघडून दोन किडे काढले, जखम शिवली आणि लेप लावला. रोगी प्रत्येक कुशीवर सात दिवसांतच कंटाळला आणि एकवीस दिवसांत बरा झाला. जीवकाला हे आधीच ठाऊक होते. सात महिन्यांची तयारी करवून घेतली नसती तर हा गृहस्थ सात दिवसही पडून राहिला नसता! आजचा डॉक्टर रोग्याला असे चुकीचे सांगणार नाही आणि सांगूही नये. पण ऑपरेशननंतरचे पडून राहणे हेच केवढे दुःख असते, हे जीवकाने ओळखले होते.

वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राला कोलांट्या खेळताना आतड्याला पीळ बसला होता. अन्न पचेना, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, रोग्याला खांबाला बांधले आणि त्याच्या बायकोला समोर उभे केले. पोट चिरून आतड्याचा पीळ तिला दाखवला, तो सोडवला, आतडी आत ठेवून पोट शिवले आणि लेप लावला.

या कथांत अतिशयोक्ती असेल. डोक्यातून निघालेल्या किड्यांविषयी आजचा सर्जन शंकाही घेईल. पण एक गोष्ट नजरेत भरते. दोन्ही ठिकाणी भूल दिल्याचा उल्लेख नाही. रोगी बांधलेला आहे. त्याच्या वेदनेवर जीवकाकडे तीनच उपाय आहेत: वनस्पतींचा लेप, पुढे काय सोसायचे याची पूर्वकल्पना आणि जवळचे माणूस. बायकोपासून काहीही लपवायचे नाही, उलट तिला आजार डोळ्यांनी दाखवायचा, हे त्या काळी सुचणे साधी गोष्ट नव्हे.

स्वतः तथागतांना विरेचन द्यायची वेळ आली, तेव्हा जीवकाने तीव्र औषध टाळले. आधी काही दिवस अंगाला तेल लावायला सांगितले. मग औषधी भावना दिलेले तीन मूठ कमळ केवळ हुंगायला दिले. देवदत्ताच्या शिळेने तथागतांच्या पायाला जखम झाली, तेव्हाही जीवकानेच औषध लावून पट्टी बांधली, असे धम्मपद अट्ठकथा सांगते. वेशी बंद झाल्याने तो वेळेवर परतू शकला नाही आणि पट्टी सोडायला उशीर झाला तर आग होईल, या काळजीने रात्रभर तळमळला. लावलेले औषध वेळेवर काढणे हीदेखील वैद्याचीच जबाबदारी, हे त्याला कळत होते.

महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात संघाचा औषधसाठाच दिला आहे. हळद, आले, वेखंड, अतिविष, वाळा, कडुनिंबाचा काढा, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. गळू चिरल्यावर तुरट काढ्याचे पाणी, तिळाचा कल्क, पट्टी, खाजेला मोहरीची पूड, चिघळले तर धुरी, भरत नसेल तर तेल, असा टाके ओले असणाऱ्या माणसाचा विचार तिथे केला आहे. त्याच ग्रंथात गुदद्वाराजवळ शस्त्र चालवायला मनाई केली आहे. म्हणजे कुठे थांबायचे हेही सांगितले आहे.

आणि दुसरीकडे काय होते? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धकर्मातून वगळले आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे ठरवले आहे. रक्त, पू, मळ यांना हात लावणारा तो विटाळलेला! ज्यांनी वैद्याच्या पंगतीला बसणे पाप मानले, त्यांचेच वारस आज वैद्यकाची सगळी मालकी सांगतात, हा केवढा विनोद! भारतीय वैद्यकाची जडणघडण श्रमणांच्या आणि भिक्खूंच्या वर्तुळात कशी झाली, हे केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. लांब कशाला जायचे? आपल्या मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेणीत मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलामुलीचे दान कोरलेले आहे.

ही विद्या पुढेही कष्टकऱ्यांच्या हातात टिकली. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी शेतकऱ्याला टिपूच्या लोकांनी पकडले आणि त्याचे नाक व एक हात तोडला. त्याला नवे नाक बसवले पुण्याजवळच्या एका कुंभाराने! कपाळाची त्वचा वळवून नाक घडवले. जोडावर कात भिजवून लावलेल्या कापडी पट्ट्या चार दिवस ठेवल्या आणि नंतर तुपात भिजवलेले कापड बांधले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हा वृत्तांत छापून आला. तो वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ साली तिकडे ही शस्त्रक्रिया केली. त्या वृत्तांतात कावसजीचे नाव आहे, कुंभाराचे नाही. आपल्या इतिहासाचे असेच होते.

तेव्हा काकूंच्या नातवाला माझे सांगणे आहे. झाडपाल्याला सरसकट अंधश्रद्धा म्हणू नकोस. ऑपरेशननंतरच्या असह्य वेदनेवर दिले जाणारे मॉर्फिन अफूच्या बोंडातूनच येते. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर आल्याचा थोडाफार उपयोग होतो, असे काही चाचण्यांत दिसले आहे. आणि त्या पाहुण्यांनाही सांगणे आहे. मठातले चूर्ण उशीखाली लपवणे ही जीवकाची परंपरा नाही. लसणासारख्या पदार्थांचे अर्क रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात. म्हणून असली औषधे ऑपरेशनच्या सुमारे दोन आठवडे आधी बंद करायला भूलतज्ज्ञ सांगतात. ऑपरेशनपूर्वी उपाशी राहायला सांगितले असताना गुपचूप घेतलेला काढा भुलीत फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. आपण काय घेतो ते डॉक्टरला सांगा. डॉक्टर रागावले तरी सांगा. आणि डॉक्टरांनीही रोग्याला त्याच्या भाषेत, दोन मिनिटे बसून, पुढे काय सोसावे लागेल ते सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वी हे जमत होते, आज का जमू नये?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. नातवाने ते चूर्ण डॉक्टरांना दाखवले होते. त्यात काय आहे हे कुणालाच सांगता येईना, म्हणून ते बाजूला ठेवले गेले. मळमळीसाठी आल्याचा चहा चालेल का, हेही त्याने विचारले. पाणी पचू लागले की चालेल, असे उत्तर मिळाले. काकू उठून बसल्या होत्या. नातू त्यांचा हात धरून शेजारी बसला होता. जीवकाची कुदळ निदान एका घरात पोचली, असे मला वाटले.

जयभीम!