यर्सिनची झोपडी आणि प्लेगचा कोड

सॉफ्टवेअरमध्ये बग आला की मी आधी जुनं व्हर्जन उघडतो आणि नव्याशी ओळ-न्-ओळ ताडून बघतो. शास्त्रज्ञ प्लेगच्या जंतूचंही हेच करतात, असं वाचनात आलं. त्या जंतूचं नाव यर्सिनिया पेस्टिस. हा यर्सिन कोण, म्हणून शोधायला गेलो आणि अख्खा रविवार त्यातच गेला.

अलेक्झांडर यर्सिन १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू यांच्यासोबत त्याने घटसर्पाच्या विषावर काम केलं, नाव कमावलं. आणि मग हा पठ्ठ्या सगळं सोडून जहाजावरचा डॉक्टर झाला, व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागला. (तिथे तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं.)

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला, तेव्हा तो तिथे पोचला. पण जपानचे नामवंत शास्त्रज्ञ कितासातो आधीच येऊन बसले होते. इंग्रज डॉक्टरांनी हॉस्पिटल, मृतदेह सगळं त्यांना दिलं. यर्सिनला काहीच नाही. मग त्याने बांबू आणि गवताची झोपडी बांधली, मायक्रोस्कोप मांडला आणि प्रेतं पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे टेकवून शवागारात शिरला. मृताच्या जांघेतली गाठ कापून पाहिली, तर जंतूंचा खच! मेलेल्या उंदरांतही तेच जंतू सापडले.

मला आवडलेला भाग पुढे आहे. यर्सिनकडे इन्क्युबेटर नव्हतं. पण हा जंतू शरीराच्या ३७ अंशांपेक्षा २८ अंशांच्या आसपास जास्त जोमाने वाढतो. म्हणजे गरिबीच पथ्यावर पडली! कितासातोंच्या नमुन्यांत मात्र बहुधा दुसरे जंतूही मिसळले होते.

१८९६ मध्ये प्लेग मुंबईत शिरला. पुढच्या वर्षी यर्सिन घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम घेऊन मुंबईला आला. गुण मनासारखा आला नाही. काम पॉल-लुई सिमाँ यांच्याकडे सोपवून तो न्हा त्रांगला परतला. (पिसवा प्लेग पसरवतात हे १८९८ मध्ये कराचीत या सिमाँनीच दाखवलं.) उरलेलं आयुष्य यर्सिनने तिथेच काढलं, रबर लावलं, कोयनेलची झाडं लावली, दुर्बिणीतून तारे पाहिले. १९४३ मध्ये तो गेला.

आता जुन्या व्हर्जनकडे येऊ. १३४८-४९ च्या साथीत मेलेल्या लंडनकरांचे दात ईस्ट स्मिथफील्डच्या दफनभूमीत मिळाले होते. त्यातल्या डीएनएचे सरासरी ५५ अक्षरांचे तुकडे जोडत २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जंतूचा पूर्ण कोड वाचला. जवळपास ४६ लाख अक्षरं, आणि आजच्या जंतूशी फरक? शंभरच्या आसपास. तेव्हा निम्मा युरोप कसा मेला, याचं उत्तर देणारा एकही खास बदल त्यात सापडला नाही. मग लोकांची उपासमार, दाट वस्ती, औषधं नसणं, यांकडे बघावं लागतं.

पण गाफील राहून चालत नाही. हाँगकाँगहून निघालेली ती साथ १८९८ मध्ये मादागास्करलाही पोचली होती. तिथल्याच एका मुलाच्या शरीरात १९९५ मध्ये असा जंतू सापडला, जो एकाच वेळी अनेक अँटिबायोटिक्सना जुमानत नव्हता. ती ताकद प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वेगळ्या तुकड्यातून आली होती, पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी व्हावी तशी. लंडनच्या जुन्या कोडमध्ये ती फाइल नाही.