पाटीलबाबांचा निश्चय

दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या काठी बुराडी नावाचे स्थान आहे. आज ते महानगरात सामावून गेले असले, तरी महाराष्ट्राला त्या घाटाचा विसर पडणे शक्य नाही. १० जानेवारी १७६० रोजी तेथेच दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. पुढल्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतच्या रणांगणावर तुकोजी कामास आले आणि तरुण जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. राणोजी शिंदे यांच्या पाच पुत्रांपैकी आता एकटे महादजी उरले.

तेही धडधाकट उरले नाहीत. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराच्या घावाने त्यांचा एक पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना बैलावर घालून सुखरूप दूर नेले. या उपकाराचे स्मरण ठेवून महादजींनी त्यास भाऊ मानले.

पायाने अधू आणि घराचा आधार तुटलेला, अशा पुरुषाने दिल्लीत मराठ्यांची गेलेली पत पुन्हा मिळवावयाची, हे अशक्यच वाटावे. पण महादजींचे सारे पुढील आयुष्य त्याच एका दिशेने गेलेले दिसते. प्रथम शिंद्यांच्या सरदारीचाच प्रश्न होता. तिच्यावर हक्क सांगणारे दुसरेही होते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत ती महादजींकडे येईपर्यंत कित्येक वर्षे लोटली. तेवढा काळ त्यांनी धीर धरला. मग फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम त्यांच्या आश्रयाने राजधानीत परतला.

येथे कार्य पूर्ण झाले असे वाटावे, तोच माधवराव निवर्तले. फौजा दक्षिणेस वळल्या. पुढे गृहकलह आणि इंग्रजांशी युद्ध यांत दहा वर्षे गेली. या काळात महादजींनी उत्तरेचा हट्ट धरून दक्षिणेचे कर्तव्य टाकले नाही. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला आणि मगच ते मूळ कार्याकडे वळले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांस व त्यांचे नायबपद महादजींस दिले. पानिपतानंतर तेवीस वर्षांनी हे घडले.

खरी कसोटी यापुढेच होती. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणी ऐन वेळी शत्रूस मिळाल्या. महादजींस माघार घेऊन चंबळेपलीकडे जावे लागले. तेवढ्यात गुलाम कादिराने दिल्लीत शिरून ऑगस्ट १७८८ मध्ये वृद्ध बादशहाचे डोळे काढले. ज्याच्या रक्षणाचा भार घेतला होता, त्यास वेळेवर पुरेसे साह्य पोहोचले नाही, हा उणेपणा इतिहासाला झाकता येत नाही. परंतु महादजी अपयशाचे दुःख करीत बसले नाहीत आणि अपकीर्तीच्या भीतीने अविचारी उडीही घेतली नाही. त्यांनी पुन्हा फौज उभी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठी सैन्य लाल किल्ल्यात शिरले आणि अंध बादशहास पुन्हा सिंहासन लाभले. त्या सैन्याचा सेनापती होता राणेखान, पानिपतावरून त्यांना उचलून आणणारा तोच भिस्ती!

एवढे वैभव मिळूनही महादजींनी स्वतःस पाटील म्हणवून घेण्यातच भूषण मानले. १७९२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी बादशाही मानवस्त्रे तरुण पेशव्यांस अर्पण केली आणि आपण सेवकाच्या जागी उभे राहिले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडी येथे या श्रीकृष्णभक्त वीराने देह ठेवला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ज्या व्यवसायात्मिका बुद्धीचा गौरव आहे, तिचे स्वरूप या चरित्रात स्पष्ट दिसते. निश्चय एकच असावा. मार्ग मात्र प्रसंगी वळवावा लागतो, कधी मागेही यावे लागते. आपणा गृहस्थांचे संकल्प लहान असतात: एखादे व्रत, एखादी विद्या, मुलांचे शिक्षण, ऋणाची फेड. एकदा खंड पडला की संकल्पच मोडला असे समजून आपण तो सोडून देतो. वास्तविक खंड पडणे म्हणजे संकल्प मोडणे नव्हे. दुसऱ्या दिवशी तेथूनच पुन्हा आरंभ करणे, हेही संकल्पाचेच पालन आहे.