महादजी शिंदे यांचें स्मरण

पुण्यानजीक वानवडीस १७९४ सालीं महादजी शिंदे यांनीं देह ठेविला. तेथें त्यांची छत्री आहे. १७६१ सालीं पानिपतावर पाय जायबंदी झालेल्या या वीरास राणेखान नांवाच्या भिस्त्यानें बैलावर घालून वांचविलें. पुढें १७७१ सालीं दिल्ली मराठ्यांच्या हातीं आली, महादजींचा दरारा उत्तरेंत वाढला. पण तो उपकार ते विसरले नाहींत. त्या भिस्त्यास भाऊ मानून त्यांनीं फौजेंत सरदारकी दिली. कवायती पलटणी उभारण्यास डिबॉइन हा परकी सेनानी नेमिला. त्यांनीं गुण पाहिला, कुळ पाहिलें नाहीं. दुकानीं गुमास्ता ठेवितांना आपण तसें करितों काय? नुसत्या हारांनीं हें ऋण फिटणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.