मार्सेल्सचा किनारा आणि हेगचा निवाडा

मार्सेल्सची उडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर खवळलेला समुद्र उभा राहतो. शाळेत असताना मीही त्या उडीवर भाषण ठोकून टाळ्या मिळवल्या होत्या. पण उडीनंतर काय झाले, हे यंदाच नीट वाचले.

विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळच्या भगूर गावी झाला. १९०६ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. अभ्यास पुरा झाला, पण राजकारणापायी सनद नाकारण्यात आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशकात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तुले सावरकरांनी धाडली, असा आरोप आला. १३ मार्च १९१० रोजी लंडनला त्यांना अटक झाली. हिंदुस्थानात पाठवणी करण्यास त्यांनी न्यायालयात हरकत घेतली. जूनमध्ये अपील न्यायालयानेही ती फेटाळली.

८ जुलैच्या सकाळी मार्सेल्स बंदरात ‘मोरिया’ बोटीतून ते निसटले आणि पोहत फ्रान्सच्या भूमीवर पोचले. तेथे इंग्रज पोलिसांचा अंमल चालत नव्हता. राजकीय आरोपीला आश्रय मिळण्याची आशा होती. पण एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले. मला मॅजिस्ट्रेटपुढे न्या, असे ते विनवत होते आणि शिपायाला इंग्रजी कळत नव्हते, असे चरित्रकार सांगतात. त्याने त्यांना बोटीवर परत नेले आणि दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

हा प्रसंग वाचताना मला माझे वडील आठवले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. एका कचेरीत त्यांचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा कारण विचारायचे कोणाला, हेच त्यांना कळले नव्हते.

पुढे कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांच्यासारख्यांनी फ्रान्समध्ये आवाज उठवला. फ्रान्सने कैदी परत मागितला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निवाडा दिला. अटकेत अनियमितता झाली, हे त्यांनी मानले; परंतु फ्रेंच शिपायाच्या चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही, असे ठरवले. वाद दोन सरकारांचा होता. ज्याच्या जिवाचा प्रश्न, तो त्यात पक्षकारच नव्हता. तोवर मुंबईच्या खास न्यायालयाने त्यांना दोन जन्मठेपा सुनावल्या होत्या, आणि त्यावर अपिलाची सोय नव्हती.

अंदमान, तेथून केलेले दयेचे अर्ज, रत्नागिरीची स्थानबद्धता, हिंदू महासभेचे राजकारण, गांधीहत्येच्या खटल्यातून १९४९ साली झालेली सुटका आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजीचा मृत्यू, हे सारे पुढचे. त्यावर आपल्या वर्गातही कडाक्याचे वाद होतात.

१९५१ साली निर्वासितांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. छळाची भीती असलेल्या निर्वासिताला त्याच संकटात परत लोटू नये, असे त्यात ठरले. आपला देश त्या करारात सामील नाही. आजही आश्रय नाकारला गेला, तर वरच्या न्यायालयाने तो निर्णय तपासावा म्हणून माणसे देशोदेशी झगडत आहेत.

सावरकरांना आश्रय मिळायला हवा होता का, यावर दोन मते असू शकतील. पण त्यांना मार्सेल्सच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायला हवे होते, यावर मला तरी दोन मते दिसत नाहीत.